काकपद आणि शर्करा : स्फटिकदोषांच्या प्रकाशाचा इतिहास

फ्रान्सिस बेकन याचा 'नोव्हम ऑर्गॅनम' हा लॅटिन ग्रंथ १६२० मध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेचे स्वरूप निश्चित करण्यासाठी त्याने या ग्रंथात उदाहरणांची कोष्टके रचली आहेत. जेथे उष्णता आहे अशी उदाहरणे एका कोष्टकात, आणि जेथे ती असावीशी वाटते परंतु प्रत्यक्षात आढळत नाही अशी उदाहरणे दुसऱ्यात. या दुसऱ्या कोष्टकात साखरेचा उल्लेख येतो. कठीण साखर अंधारात फोडली किंवा खरवडली असता चमकते, हे सर्वांना ठाऊकच आहे, असे बेकन नोंदवतो. त्या चमकेविषयी त्याला स्वतंत्र कुतूहल होते असे दिसत नाही. उष्णतेवाचूनही प्रकाश असू शकतो एवढेच त्याला दाखवायचे होते. तरीही यांत्रिक आघाताने घन पदार्थ प्रकाशमान होतो या घटनेच्या इतिहासाचा आरंभ बहुधा याच नोंदीपासून केला जातो. या इतिहासात तीन शतके एकच प्रश्न अनुत्तरित राहिला: दगडासारख्या निर्जीव, थंड वस्तूत हा प्रकाश येतो कोठून? उत्तर मिळण्यास इतका विलंब का लागला, याचे कारण केवळ उपकरणांच्या अभावात नव्हते. ज्या ठिकाणी उत्तर दडलेले होते त्या ठिकाणाकडे, म्हणजे स्फटिकातील दोषांकडे, ज्ञानाचा विषय म्हणून पाहण्याची दृष्टीच दीर्घकाळ तयार झाली नव्हती.

बेकनने साखरेसाठी वापरलेला लॅटिन शब्द ग्रीकमार्गे थेट भारतीय भाषांपर्यंत पोचतो. संस्कृत 'शर्करा', प्राकृत 'सक्करा' आणि मराठी 'साखर' ही एकाच शब्दाची रूपे; त्याच शब्दाने फारसी-अरबी मार्गाने युरोपीय भाषांनाही साखरेचे नाव दिले. परंतु 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ गोड पदार्थ असा नाही. बारीक खडे, वाळू, कंकर हा त्याचा अर्थ. रूपसाधर्म्यामुळे तो पुढे साखरेस लागला. 'खंड' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. तुकडा या अर्थाचा हा संस्कृत शब्द फारसीत 'कंद' झाला आणि अरबीतून युरोपात गेल्यावर इंग्रजीत 'कँडी' या रूपाने रुजला. साखरेची ही दोन्ही नावे ती खाण्याच्या वस्तूपेक्षा ती फुटणारी, खड्यांच्या रूपात असणारी वस्तू आहे हे सांगतात. गडद अंधारात डोळे दहा-पंधरा मिनिटे सरावू दिले आणि कोरडी खडीसाखर अडकित्त्याने फोडली, तर फुटीच्या क्षणी निळसर रंगाची अतिशय क्षीण चमक दिसू शकते. बेकनची नोंद ती हीच.

'शर्करा' हा शब्द भारतीय परंपरेत आणखी एका ठिकाणी भेटतो, आणि ते ठिकाण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकात, हिऱ्याच्या परीक्षेचे एक प्रकरण आहे. त्यात अशुभ मानलेल्या हिऱ्यांची लक्षणे दिली आहेत. कावळ्याच्या पावलासारखी खूण म्हणजे काकपद, माशीसारखा डाग, केसासारखी रेषा, आत अडकलेला धातू, आणि शर्करा, म्हणजे आतील कण. रत्नपरीक्षेचे शास्त्र हे एका अर्थाने दोषांचेच शास्त्र होते. परीक्षकाची नजर दोष शोधण्यासाठी घडवली जाई, आणि दोष सापडला की त्याचा निष्कर्ष ठरलेला असे: मूल्य कमी, धारण करणे अनिष्ट. दोषांचे इतके बारीक वर्गीकरण करणाऱ्या या शास्त्राने दोष काय करतो हा प्रश्न विचारला तो केवळ धारण करणाऱ्याच्या भाग्याच्या संदर्भात. दगडाच्या संदर्भात तो विचारला गेला नाही. प्राचीनांना आघाताने उमटणाऱ्या या प्रकाशाचे ज्ञान होते असा दावा करण्यास येथे जागा नाही. सूर्यकांत मणी सूर्यकिरणांनी तेज ओकतो हा काव्यसंकेत प्रसिद्ध आहे आणि कालिदासाने 'शाकुंतला'त तपस्व्यांच्या सुप्त तेजासाठी त्याचा उपयोगही केला आहे. परंतु काव्यसंकेत आणि निरीक्षण यांतील अंतर पुसून टाकणे कोणत्याच परंपरेच्या हिताचे नसते.

हिऱ्याकडे निरीक्षकाच्या दृष्टीने पाहण्याचा एक प्रसंग सतराव्या शतकात लंडनमध्ये घडला. क्लेटन नावाच्या गृहस्थाजवळ अंधारात प्रकाशणारा एक हिरा आहे हे कळल्यावर रॉबर्ट बॉइलने तो परीक्षेसाठी मिळवला. २७ ऑक्टोबर १६६३ या दिवशी त्याने केलेली निरीक्षणे पुढे रंगविषयक ग्रंथाला जोडून १६६४ मध्ये प्रसिद्ध झाली. बॉइलने हिरा कापडावर घासला, पोलादी टोचणीने दाबला, शरीराच्या उबेशी धरला, आणि प्रत्येक वेळी त्यातून प्रकाश निघताना पाहिला. त्या काळी युरोपात येणारे बहुतेक हिरे भारतातून येत. ब्राझीलमधील खाणींचा शोध १७२०च्या दशकातला. त्यामुळे हा हिरा दख्खनच्या एखाद्या खाणीतून निघालेला असण्याचा संभव मोठा आहे. परंतु बॉइलच्या वर्णनातील सर्वांत लक्षणीय भाग वेगळाच आहे. दिवसाच्या उजेडात हा हिरा अगदी सामान्य हिऱ्यांहूनही निस्तेज दिसे, त्याचे पाणी वाईट होते, आणि त्याच्या मध्यभागी एक पांढुरका ढग पसरलेला होता, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. वराहमिहिराच्या परंपरेतील कोणत्याही परीक्षकाने हा दगड पहिल्याच नजरेत बाजूस सारला असता. बॉइलने सदोषता आणि प्रकाश या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नोंदवल्या. त्यांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध असू शकेल ही कल्पना मात्र त्याच्या काळाच्या आवाक्याबाहेर होती.

त्यानंतरची दोन शतके संग्रहाची आहेत. घासल्यावर, चिरडल्यावर किंवा तडकल्यावर चमकणाऱ्या पदार्थांच्या याद्या वाढत गेल्या. खनिजे, क्षार, सेंद्रिय स्फटिक यांची भर पडली. नामकरण झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. एर्लांगेन येथील भौतिकीचा प्राध्यापक आइलहार्ट वीडेमान याने १८८८ मध्ये तापमानवाढीवर अवलंबून नसलेल्या सर्व प्रकाशासाठी 'ल्युमिनेसन्स' ही संज्ञा योजली आणि कारणांनुसार तिचे प्रकार पाडले. घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ट्रायबोल्युमिनेसन्स', म्हणजे घर्षणदीप्ती, ही संज्ञाही त्याच वर्गीकरणातून रूढ झाली. हाच वीडेमान अरबी विज्ञानेतिहासाचा थोर अभ्यासक होता, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वर्गीकरणाची शिस्त आणि शब्दांविषयीची जाण त्याच्या ठायी एकत्र आली होती.

याद्या वाढल्या तसा एक अडचणीचा प्रकार वारंवार पुढे येऊ लागला. एकाच पदार्थाचा एक नमुना चमके आणि दुसरा चमकत नसे. एका प्रयोगशाळेतील निष्कर्ष दुसरीत पडताळून पाहता येत नसे. पुन्हा शुद्ध केल्यावर काही पदार्थांची चमक नाहीशी होई. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पदार्थ म्हणजे त्याचे सूत्र. सूत्र तेच असताना वर्तन बदलते हे त्या शास्त्राला गैरसोयीचे होते. त्यामुळे ही घटना बराच काळ विज्ञानाच्या मुख्य प्रवाहाबाहेर, नवलाईच्या कपाटात पडून राहिली. नमुन्या-नमुन्यांतील हा फरक म्हणजे प्रयोगातील गोंधळ आहे असे मानले गेले. वस्तुतः तोच उत्तराकडे नेणारा सर्वांत स्पष्ट निर्देश होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्फटिकाचे अंतरंग उघड झाले. माक्स फोन लाउए याच्या सूचनेवरून १९१२ मध्ये स्फटिकांतून क्ष-किरण पाठवण्याचा प्रयोग झाला आणि १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांच्या कार्यातून मिठासारख्या पदार्थाची अणुरचना निश्चित झाली. स्फटिक म्हणजे अणूंची त्रिमितीत अखंड पुनरावृत्त होणारी, शिस्तबद्ध मांडणी, हे चित्र त्या क्षणापासून सर्वमान्य झाले. या चित्राच्या साहाय्याने साखरेचे कोडे बऱ्याच अंशी सुटले. काही स्फटिकांच्या रचनेला सममितीचे केंद्र नसते. असा स्फटिक दाबला असता त्याच्या पृष्ठांवर विरुद्ध विद्युतभार उत्पन्न होतात. हा परिणाम पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला होता, आणि त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत उसाची साखरही होती. साखरेचा खडा फुटतो तेव्हा भेगेच्या दोन बाजूंवर विरुद्ध भार साचतात, मधल्या हवेतून सूक्ष्म विद्युत्-विसर्ग होतो आणि हवेतील नायट्रोजन प्रकाशतो. आंरी लाँशांबों या फ्रेंच संशोधकाने १९२०च्या दशकात या प्रकाशाचा वर्णपट नायट्रोजनचाच असल्याचे दाखवून दिले. साखरेची चमक म्हणजे तळहातावर मावणारी वीजच होय. तिचा बराचसा भाग अतिनील पट्ट्यात असल्याने डोळ्यांना दिसतो तो केवळ थोडा अंश.

हे स्पष्टीकरण पूर्ण असते तर इतिहास येथेच संपला असता. परंतु ज्यांच्या रचनेला सममितीचे केंद्र आहे, आणि म्हणून ज्यांत दाबाने असे विद्युतभार निर्माण होऊ नयेत, असेही अनेक स्फटिक चमकत होते. शिवाय काही स्फटिक न फुटताच, केवळ वाकवले किंवा दाबले असता, प्रकाश देत. या उदाहरणांचे उत्तर निर्दोष स्फटिकाच्या चित्रात नव्हते. ते चित्रच अपुरे होते.

अपुरेपणाची जाणीव वेगळ्या दिशांनी आली. याकोव्ह फ्रेंकेल याने १९२६ मध्ये दाखवले की, कोणत्याही खऱ्या स्फटिकात काही अणू आपली जागा सोडून मधल्या पोकळीत जाऊन बसतातच. १९३० मध्ये वॉल्टर शॉटकी आणि कार्ल वाग्नर यांनी रिकाम्या राहिलेल्या जागांचा विचार मांडला. निरपवाद शून्य तापमानाच्या वर दोषरहित स्फटिक असणे निसर्गनियमांतच बसत नाही, असा या विचाराचा मथितार्थ होता. गटिंगेन येथे रॉबर्ट पोल आणि त्याचे सहकारी याच काळात मिठाच्या जातीच्या क्षारांचा अभ्यास करीत होते. क्ष-किरणांच्या माऱ्याने रंगहीन मीठ पिवळसर-तपकिरी होते, पोटॅशियम क्लोराइड जांभळे होते. या रंगाच्या मुळाशी असलेल्या दोषाला जर्मन भाषेतील रंगवाचक शब्दावरून 'एफ-केंद्र' असे नाव मिळाले. ऋणभारित क्लोरीनची एक जागा रिकामी असते आणि त्या रिकामपणात एक इलेक्ट्रॉन अडकून बसलेला असतो. एवढेच ते केंद्र. पुढे १९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे आणखी एका दोषाची कल्पना मांडली. आदर्श रचनेवरून हिशेब केला तर धातूंना वाकवण्यासाठी प्रत्यक्षात लागते त्याच्या शेकडो ते हजारो पट बल लागायला हवे. स्फटिकात अणूंची एखादी प्रतल-ओळ अर्ध्यावरच संपत असेल, तर त्या टोकाशी एक रेषीय दोष तयार होतो आणि तो अल्प बलानेही सरकू शकतो. हा दोष म्हणजे 'डिसलोकेशन'. गालिचा ओढून सरकवण्याऐवजी त्यात सुरकुती पाडून ती पुढे ढकलावी, तसे त्याचे सरकणे असते. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली हे दोष सरकताना प्रत्यक्ष दिसले.

या दोन दोषांच्या भेटीतून मिठाच्या प्रकाशाचा उलगडा झाला. साधे मिठाचे स्फटिक दाबले तर लक्षात येण्याजोगा प्रकाश मिळत नाही. त्याच स्फटिकावर प्रथम क्ष-किरण किंवा गॅमा-किरण सोडले, म्हणजे त्यात एफ-केंद्रे निर्माण केली, आणि नंतर तो दाबला, तर तो न फुटताही उजळतो. दाब पडल्यावर सरकू लागलेला रेषीय दोष वाटेतील एफ-केंद्रांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना उचलून आपल्याबरोबर नेतो. वाटेत इलेक्ट्रॉनाची उणीव असलेले दुसरे केंद्र भेटले की दोहोंचे मीलन होते आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. एफ-केंद्रांची संख्या वाढवली तर प्रकाश वाढतो; प्रकाश किंवा उष्णता देऊन ती नष्ट केली तर चमकही मावळते. येथे दोषाचा प्रकाशाशी असलेला संबंध अनुमानाचा राहत नाही, तो मोजता येतो. एक दोष ऊर्जा साठवतो, दुसरा ती वाहून नेतो, तिसरा ती प्रकाशात परिवर्तित करतो. नमुन्या-नमुन्यांतील ज्या फरकाने एकोणिसाव्या शतकाला त्रस्त केले होते, त्याचाही उलगडा येथे होतो: सूत्र एकच असले तरी प्रत्येक स्फटिकाच्या दोषांचा इतिहास वेगळा असतो.

या अध्यायातील एक महत्त्वाचा भाग भारतात लिहिला गेला. बी. पी. चंद्रा यांनी जबलपूर आणि रायपूर येथील विद्यापीठांतून अनेक दशके या विषयाचा पाठपुरावा केला. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेफ्री झिंक यांच्यासह त्यांनी १९८० मध्ये स्फटिक फुटण्याच्या गतीचा आणि प्रकाशाचा संबंध मांडला. रंगीत केलेल्या क्षारांतील सरकत्या दोषांच्या सिद्धांतालाही त्यांनी गणिती रूप दिले. पंजाबी-हरियाणवी प्रदेशातील कुरुक्षेत्राचे डी. आर. विज यांनी संपादित केलेल्या १९९८ च्या ग्रंथातील त्यांचे विस्तृत प्रकरण आजही या विषयाचे प्रवेशद्वार समजले जाते. १९५६ पर्यंत जबलपूर आणि रायपूर ज्या प्रांतात होती त्याची राजधानी नागपूर होती; त्या नागपूरच्या विद्यापीठातही प्रकाशमान पदार्थांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा आहे. मोठ्या यंत्रसामग्रीपेक्षा चिकाटीने केलेल्या मोजमापांवर उभा राहणारा हा विषय मध्य भारतातील विद्यापीठांत रुजला, ही गोष्ट भारतीय विज्ञानाच्या इतिहासात दुर्लक्षिली जाऊ नये. 'घर्षण' हा शब्द अपुरा वाटू लागल्याने 'मेकॅनोल्युमिनेसन्स', म्हणजे यांत्रिक दीप्ती, ही व्यापक संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. फुटण्याने, कायमचे वाकण्याने आणि केवळ लवचीक ताणाने होणारी दीप्ती असे तिचे तीन भेद मानले जातात.

यांतील तिसरा भेद दीर्घकाळ दुर्बळ समजला जात होता. १९९९ मध्ये जपानमधील क्युशू येथे चाओ-नान शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपियम मिसळलेल्या स्ट्राँशियम ॲल्युमिनेटचा हिरवा आणि मँगनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडचा नारिंगी प्रकाश प्रसिद्ध केला. हे पदार्थ ताणाखाली न मोडता पुन्हा पुन्हा उजळतात. त्यांच्यातील दोष निसर्गाने चुकून ठेवलेले नसून हेतुपुरस्सर पेरलेले असतात. परक्या धातूचे अल्प प्रमाणातील अणू प्रकाश देण्याचे काम करतात. इतर दोष इलेक्ट्रॉनांना अडकवून ठेवतात. लवचीक ताण पडला की ते सुटतात. आधी प्रकाशात ठेवून ऊर्जा भरलेला असा पदार्थ रंगात मिसळून पूल, नळ किंवा यंत्रभाग यांवर लावला, तर जेथे ताण एकवटतो तेथे तो अधिक उजळतो आणि डोळ्यांना न दिसणारी भेग आपली जागा स्वतःच दाखवते. एका पदार्थात पेरलेला दोष दुसऱ्या वस्तूतील घातक दोषाची वार्ता देतो.

येथे संस्कृत साहित्यशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याच्या लक्षणातच दोषरहितत्वाचा समावेश केला. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला. निर्दोषता ही अट मानली तर काव्य अत्यंत विरळ होईल, किंबहुना उरणारच नाही, असे त्याचे म्हणणे. आणि दृष्टांत दिला तो रत्नाचा. किड्याने पोखरले म्हणून रत्नाचे रत्नत्व जात नाही, त्याच्या प्रतीत मात्र तरतमभाव येतो. हा युक्तिवाद उदार आहे. तरी त्यात दोषाला क्षमा आहे, कार्य नाही. स्फटिकविज्ञान त्यापुढे एक पाऊल टाकते. ते दोषाला केवळ सहन करीत नाही. विशिष्ट परिस्थितीत प्रकाशाचे कारण म्हणून त्याची नोंद करते. साहित्यशास्त्रातील नित्य आणि अनित्य दोषांचा भेद या दृष्टीला अधिक जवळचा आहे. कर्णकटू शब्द शृंगारात दोष ठरतात, परंतु रौद्रात तेच उपकारक होतात, हे आनंदवर्धनापासून मान्य आहे आणि मम्मटालाही ते नाकारता आले नाही.

अर्थात या साम्यावरून दोषांचा गौरव करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. स्फटिकांचा इतिहास तसा मोह पुरवत नाही. परक्या अणूंचे प्रमाण योग्य मर्यादेपलीकडे वाढले, तर ते एकमेकांची ऊर्जा शोषतात आणि प्रकाश मंदावतो. दोष चुकीच्या जातीचा असेल तर ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. आणि नियमित रचना सभोवती नसेल, तर दोषाला दोष म्हणून अस्तित्वच राहत नाही. उरते ती केवळ अव्यवस्था. क्लेटनच्या हिऱ्यातील ढग प्रकाशाचे कारण होता किंवा नव्हता, हे सांगण्यास आज तो हिरा उपलब्ध नाही. परंतु त्या ढगाची नोंद गाळावी असे बॉइलला वाटले नाही. परीक्षकाने दोष पाहिला की परीक्षा संपते. निरीक्षकाने तो पाहिला की तिला आरंभ होतो. साखरेच्या चमकेपासून ताण दाखवणाऱ्या लेपापर्यंतचा हा इतिहास म्हणजे परीक्षकाची नजर हळूहळू निरीक्षकाची होत गेल्याचा इतिहास आहे.